मल्हारनं दाखवलेलं बोट

ऊन तापायच्या आत वच्छलाबाई डोंगरावरून खाली आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत राखेनं काळं झालं होतं आणि हातात बांबूचं एक डालगं होतं, निम्मं जळालेलं. आण्णांच्या पडवीत जत्रेच्या पाहुण्यांसाठी नवी सतरंजी अंथरली होती. वच्छलाबाईंनी ते डालगं सतरंजीच्या मधोमध ठेवलं आणि शेजारी मांडी घालून बसल्या.

आण्णांची सून सोनम चहा घेऊन बाहेर आली आणि डालग्याकडं बघून उंबऱ्यातच थांबली.

"बघती काय? ये की," वच्छलाबाई म्हणाल्या. "मेंढरं चरायला गेली की कोकरं ह्याच्याखाली झाकायची, लांडग्याची नदर नको म्हणून. काल ती ह्याच्याखालीच ऱ्हायली. हाडं वर पुरून आले. डालगं तेवढं तुमच्या घरी आणलं."

"काकी, आधी च्या घ्या."

"च्या न्हाई घ्यायचा. मल्हार कुठाय?"

"लॉन्सवर गेलेत," सोनम खाली बघत म्हणाली. "आज गोरजचं लगीन हाय."

काल दिवस मावळताना बिरोबाचा डोंगर पेटला होता. चैत्रातलं वाळलेलं कुसळी गवत, वर सुटलेला वारा. बघता बघता पुढची सगळी बाजू लाल झाली. वाडीतली माणसं ओली पोती घेऊन धावली, कासुर्डीची पोरं मोटारसायकलीवरून आली, वनखात्याची माणसं आली. पुढची बाजू विझली, पण मागच्या अंगाला खिंडीकडं अजून धूर निघत होता. उजाडल्यावर वनरक्षकानं जमलेल्या माणसांना विचारलं, आग लागली कुठून? तेव्हा आण्णांच्या मुलानं, मल्हारनं, हात उचलून वर मेंढरांच्या वाड्याकडं बोट दाखवलं. वाडा ज्योतिबाचा, म्हणजे मल्हारच्या सख्ख्या चुलतभावाचा. ज्योतिबा तिथंच उभा होता, आग विझवताना भाजलेले दोन्ही हात ओल्या फडक्यात गुंडाळून. "हात भाजलेत, म्हंजी ह्यानंच पेटवलं," असं मागून कुणीतरी म्हणालं. ज्योतिबा काही बोलला नाही. वनखात्याची जीप त्याला घेऊन गेली.

त्या वेळी त्याची आई, वच्छलाबाई, डोंगरावर राखेत कोकरं शोधत होत्या. पोराला नेलं हे त्यांना खाली येताना दुसऱ्याच्या तोंडून कळलं. बोट कुणी दाखवलं, तेही.

आण्णा फेटा बांधत बाहेर आले. वच्छलाबाई त्यांच्या धाकट्या भावाची, सोपानरावाची विधवा. सवयीनं त्यांनी पदर पुढं ओढला, पण आज आवाज खाली आला नाही.

"आण्णा, माझं पोरगं आणून द्या."

"आणतो की. गावची सभा उरकू दे. तिथं समद्यांच्या म्होरं मिटवतो, मंग ऑफिसला जातो."

"सभा आधी, का पोरगं आधी?"

"तसं न्हाई वच्छला. जरा दमानं घे."

"तुमाला काय वाटतं? ज्योतिबानं पेटवला डोंगर?"

आण्णांनी फेट्याचं टोक दोनदा खोचलं. "मुद्दाम कोण पेटवतं? चुलीतली ठिणगी उडाली असंल."

"कोणती चूल? म्या दिवस कलताना दळण घिऊन खाली आले हुते. ज्योतिबा मेंढरांमागं. वाड्यात चूल पेटवायला हुतं कोण? कोकरं?"

आण्णांनी जोडे पायात सरकवले. "सभेला ये," एवढंच म्हणून ते पायऱ्या उतरले. सोनमच्या हातातला चहा निवून गेला होता. ती काहीतरी बोलायला तोंड उघडतेय असं वच्छलाबाईंना वाटलं. पण ती कप घेऊन आत गेली.

*

गावातल्या देवळाच्या मांडवात बसायला जागा नव्हती. जत्रा परवावर आली होती, त्यामुळं पुण्याला, शिक्रापूरला कामाला असलेली पोरंही सुट्टी काढून आली होती. पत्र्याखाली धुराचा वास कोंडला होता. आण्णा पुढच्या ओळीत बसले. दोनदा सरपंच राहिलेल्या माणसाला कुणी मागं बसू देत नाही.

सरपंच अनुपमाताई उभ्या राहिल्या. बागाईतदाराची सून, शिकलेली, बोलायला स्पष्ट. "ठराव साधा आहे. पाऊस पडेपर्यंत गावच्या हद्दीत औटाचा बार नाही, फटाका नाही, स्काय शॉट नाही. जत्रेत नाही, लग्नात नाही, कुणाच्या वाढदिवसाला नाही."

जत्रा कमिटीचे हौसराव ताडकन उठले. "म्हंजी देवाची दारू बंद? छबिना निघाला की पहिला औट उडतो, मंगच पालखी हलती. आमच्या आज्याच्या आज्यापासून हाय हे. देव कोपला तर कोण निस्तरणार?"

"देव त्याच डोंगरावर बसलाय, हौसराव. काल राख त्याच्या दारापर्यंत आली. यापेक्षा आणखी काय कोपायचं राहिलंय?"

"आन् तुमच्या घरचे उसाचं पाचट पेटवत्यात ते?" मागून आवाज आला आणि मांडव हसला.

अनुपमाताईंचा चेहरा लाल झाला, पण त्या हटल्या नाहीत. "तेही ठरावात घाला. सासऱ्यांशी मी भांडते."

"शिक्रापूरला जाऊन बघा," एक पोरगा म्हणाला. "रोज लगीन, रोज फटाके. तिथं काय पेटतंय?"

"तिथं डोंगर कुठाय? तिथं नुसत्या ट्रका!"

"आरं हसताय काय?" बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली. तिची वस्ती खिंडीत होती. "मागल्या अंगाला अजून धूर हाय. वारा फिरला तर आमच्या छपरावर यील. माझी नात रातभर खोकत हुती. तुमी इथं औटाचं भांडण काढून बसलाय."

तेवढ्यात मल्हार उठला. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल. हायवेच्या कडेचं त्याचं लॉन्स झाल्यापासून गावात त्याला शेट म्हणायला लागले होते, आणि आण्णांनाही ते मनातून आवडायचं.

"जत्रेपुरतं बंद करायचं तर करा," मल्हार म्हणाला. "आपली हरकत न्हाई. पण लॉन्स हा धंदा हाय. इथं फटाके न्हाईत म्हणल्यावर पार्टी यवतला जाईल, न्हाईतर उरुळीला. गावातल्या तीस घरांना माझ्याकडं काम हाय, त्येंचं काय? आन् मुळात काल आग काय फटाक्यानं लागली न्हाई. डोंगरावर मेंढकं ऱ्हात्यात, चुली पेटवत्यात, बिड्या वढत्यात. ठराव करायचाच आसंल तर त्यो करा. डोंगरावर वाडा टाकायला बंदी."

आण्णांनी मान वर केली. आपण नीट ऐकलं का, असं त्यांना वाटलं.

त्यांच्या वडलांनी ह्याच डोंगरावर उभा जन्म काढला होता. सोपाननं शाळा सोडून मेंढरं राखली म्हणून आण्णा शिकले, सोसायटीत गेले, सरपंच झाले. वाटण्या झाल्या तेव्हा हायवेकडंचा खडकाळ तुकडा आण्णांनी घेतला, आणि डोंगराच्या पायथ्याची जमीन व मेंढरं सोपानकडं गेली. पुढं रस्ता रुंद झाला आणि त्या खडकाचं सोनं झालं. सोपाननं कधी 'माझं काय' म्हणून विचारलं नाही. आणि आता त्याच घरातलं पोरगं भर सभेत मेंढक्यांना डोंगरावरून हाकला म्हणत होतं. 'मेंढकं' हा शब्दसुद्धा असा उच्चारला, जसं काही तो परक्या गावाहून आला होता.

बोलावं, असं आण्णांना वाटलं. पण चारशे डोळे त्यांच्यावर होते आणि पोरगं पोटचं होतं. ते धोतराची निरी चाचपत बसून राहिले.

"ह्ये बराबर हाय," हौसरावांनी संधी साधली. औट वाचत होता. "मल्हारशेट म्हणत्यात त्ये बराबर हाय."

वच्छलाबाई उठल्या. त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या. बायकांनी वाट करून दिली आणि त्या थेट मल्हारच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मल्हार, तुझी आय गेली तवा तू रांगत हुतास. ज्योतिबाच्या आदी तुला म्या मांडीवर घेतला. शेळीचं दूध तुला वरच मिळालं, त्याच वाड्यात. मेंढकं म्हणतुयास? कुणाला?"

"काकी, ह्ये घरचं घरात बोलू."

"बोट दाखवताना घर आठवलं न्हाई? तवा गाव लागला तुला? मंग गावातच बोलू. माझी चूल काल पेटलीच न्हाई. ज्योतिबा बिडी वढत न्हाई, समद्या गावाला ठावं हाय. आग आली खालनं. तुझ्या लॉन्सच्या भिंतीकडनं."

"तुमी बघितलं का? तुमी तर दळण आणायला गेल्ता." मल्हार सभेकडं वळला, हात पसरून. "बघितलंय कुणी? हाय का कुणी बघणारं?"

*

तो प्रश्न आपल्यालाच आहे, हे बायकांत बसलेल्या सोनमला कळलं.

ती काल लॉन्सच्या मागच्या दारात उभी होती, रुखवताची ताटं आत पाठवत. वरात दारात आली आणि पोरांनी स्काय शॉटची पेटी पेटवली. पेटी सरळ जमिनीवर ठेवायची ती घाईत वाळूच्या ढिगावर ठेवलेली. दोन बार सरळ वर गेले. मग पेटी कलंडली आणि पुढचे बार तिरके, भिंतीवरून, डोंगराच्या अंगाला गेले. एक गवतात पडला. लाल ठिपका दिसला, मग त्याची रेघ झाली. ती धावत मल्हारकडं गेली होती. त्यानं तिच्या दंडाला धरून बाजूला घेतलं आणि हसऱ्या तोंडानं, पाहुण्यांकडं बघत, दातातल्या दातात सांगितलं, "विझंल. बोंब मारू नको."

तिनं बोंब मारली नव्हती. रात्रभर ती तेच आठवत होती. सकाळी डालगं समोर आलं तेव्हाही ती गप्प राहिली होती. सासरी आल्यापासून तिला एकच शिकवण होती, नवऱ्याचं झाकावं. पण झाकायचं म्हणजे दुसऱ्याच्या पोराच्या अंगावर टाकायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्या बघितलंय," ती बसल्या जागेवरूनच म्हणाली.

आवाज बारीक आला. पुढच्यांना ऐकू गेला नसावा, पण मल्हारला गेला. त्याचा चेहरा बदलला. "सोनम, घरी जा."

आता ती उभी राहिली. "जाते. सांगून जाते. आग आपल्या लॉन्सवरनं गेली. स्काय शॉटची पेटी कलंडली, बार भिंतीवरनं गवतात पडला. म्या तुमाला तवाच सांगितलं. तुमी म्हणला, विझंल."

मांडवात सगळेच एकदम बोलायला लागले. कुणी ज्योतिबाच्या नावानं हळहळलं, कुणी मल्हारला शिव्या दिल्या. मघाशी 'हात भाजलेत' म्हणणारा आता सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. खिंडीतली म्हातारी पुढं येऊन मल्हारच्या तोंडापुढं हात नाचवू लागली, "माझी नात घुसमटून मेली आसती तर?"

"बाईमाणसाला काय कळतंय?" मल्हार ओरडला. "आन् वारा सुटला त्याला मी काय करू? मी वारा सोडला का?"

"सकाळी तू बोट दाखवलंस, त्ये वाऱ्यानं दाखवलं व्हय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

अनुपमाताईंनी टेबलावर हात आपटून शांतता करवली आणि ठराव मताला टाकला. हात वर झाले, अर्ध्याहून पुष्कळ जास्त. पण हौसराव पुन्हा उठले. "ठराव मान्य. पर आजपासनं कसा? लॉन्सवर आज लगीन हाय. पावणं वडगाव रासाईवरनं निघालं आसत्याल. मुलीवाल्यांची अब्रू हाय. उद्यापासनं धरा."

"आग उद्याची वाट बघणार आहे का?" अनुपमाताई म्हणाल्या.

पण मुलीवाल्यांच्या अब्रूचं नाव निघाल्यावर माणसं चुळबुळली. प्रत्येकाच्या घरात मुलगी होती. 'एक दिसाचा तर प्रश्न', 'एवढं एक होऊ द्या', असं म्हणत म्हणत ठराव उद्यापासून धरायचं ठरलं. देवळाच्या मागं डोंगर काळा पडलेला सगळ्यांना दिसत होता, तरी ठरलं.

आण्णा उठले. मल्हारजवळ जाऊन म्हणाले, "गाडी काढ."

*

गाडीत पुढं मल्हार आणि आण्णा, मागं वच्छलाबाई आणि सोनम. कासुर्डीचा फाटा ओलांडून गाडी हायवेला, वनखात्याच्या ऑफिसकडं लागली.

"आण्णा, माझ्यावर केस हुईल," मल्हार म्हणाला.

"हुईल."

"लॉन्सचं लायसन जाईल."

"जाईल."

"मग कशाला नेताय मला? वकील देऊ ज्योत्याला. चांगला देऊ. मी काय त्याला आत ठेवणार हाय का? दोन दिसात सुटला आसता. त्येचं काय जातंय? त्येला ना धंदा, ना नाव."

आण्णांनी मुलाकडं बघितलं. "गाडी थांबव," ते म्हणाले.

मल्हारनं कडेला घेतली. बाजूनं ट्रक धाडधाड जात होते.

"आता जे बोललास, त्ये तुझ्या काकीकडं त्वांड करून बोल. तिच्या पोराला नाव न्हाई म्हणून."

मल्हार वळला नाही. आरशात त्याला वच्छलाबाई दिसत होत्या. त्या त्याच्याकडं बघतच नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी रडावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटलं. त्यावर उत्तर देता आलं असतं. त्यानं गाडी पुन्हा सुरू केली.

ऑफिसच्या व्हरांड्यात ज्योतिबा बाकावर बसला होता. हाताला कुणीतरी मलम लावून पट्टी बांधली होती. आईला बघून तो उठला, आणि मल्हारला बघून कसनुसं हसला. "दादा, तुमी कशाला आलासा? लगीन हाय न्हवं आज?"

मल्हारला हे अपेक्षित नव्हतं.

"काल तू कुठं हुतास आग लागली तवा?" आण्णांनी ज्योतिबाला विचारलं.

"मधल्या टप्प्यावर. मेंढरं वळवत हुतो."

"मंग तिथनं लॉन्स दिसतंय."

ज्योतिबानं मान खाली घातली. "दिसतंय की."

"म्हंजी तुला ठावं हुतं," वच्छलाबाई पुढं झाल्या. "तू बघितलंस, आन् सकाळी तिथं दगडासारखा हुबा ऱ्हायलास? जीपमधी बसलास?"

"आये, घरातलं घरात. दादाला काय मुद्दाम करायचं हुतं? जत्रंत समदे पावणे यायचे..."

वच्छलाबाईंचा हात उठला होता, तो पट्ट्या बघून हवेतच थांबला. "तू काय देव झालास व्हय रं? कोकरं कुणाच्या घरातली हुती? ती जळताना वरडत हुती ती घरातल्या घरात वरडत हुती?" त्यांचा आवाज फुटला. आत कारकुनांनी माना वर केल्या. "तुझ्या बापानं आसंच केलं. समदं गिळलं. देता येईल त्ये देत गेला आन् वर म्हणला, भाऊच हाय. आन् ह्येंनी काय केलं? तुला मेंढकं केलं!"

आण्णा भिंतीला टेकले. हे बोलणं मल्हारला नव्हतं, त्यांना होतं, आणि ते कित्येक वर्षं उशिरा आलं होतं.

मल्हार ज्योतिबाकडं बघत होता. लहानपणी मल्हारनं कुणाचा आंबा पाडला की मार ज्योत्या खायचा आणि असाच हसायचा. तेव्हा मल्हारला ते प्रेम वाटायचं. आपण त्या हसण्यावरच सकाळी बोट उचललं, हे त्याला आता उमगलं. हा काही बोलणार नाही, याची त्याला खात्री होती. ज्योत्या रागावला असता, भांडला असता, तर मल्हारची छाती झाली नसती.

तो साहेबाच्या टेबलापाशी गेला. "साहेब, सकाळी मी खोटं बोललो."

त्याला वाटलं होतं, एवढं बोललं की सुटेल. साहेबांनी कोरा कागद पुढं ओढला आणि म्हणाले, "बसा. आता सगळं पहिल्यापासून सांगा. तुम्हाला आज लवकर जाता यायचं नाही."

*

ज्योतिबाला सोडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मल्हार आतच होता. गाडीची किल्ली त्यानं बाहेर येऊन सोनमच्या हातात दिली, तिच्याकडं न बघता.

"गाडी चालवाय येती का तुला?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"येती," सोनम म्हणाली. "लॉन्सच्या मोकळ्या ग्राउंडवर शिकले."

हायवेला लागल्यावर तिनं वेग वाढवला. "आण्णा, फटाक्याच्या पेट्या सकाळीच उतरल्यात. ह्ये तिथं न्हाईत. पोरं उडवणारच."

"ठराव उद्यापासनं हाय," आण्णा म्हणाले. ते कायद्याचं सांगत होते की स्वतःला विचारत होते, ते त्यांनाच कळलं नाही.

"व्हय," सोनम म्हणाली. गाडी तिनं घराकडं वळवली नाही.

लॉन्सवर बँड वाजत होता. नवरदेव घोड्यावर दारात आला होता. भिंतीला लागून, काल होत्या त्याच जागी, पेट्या ओळीनं मांडलेल्या. काम करणारा एक बिहारी पोरगा काडी शोधत होता.

"रुको," सोनम गाडीतून उतरत ओरडली. "सब उठाके अंदर रखो."

"भाभी, भैया ने बोला था..."

"भैया नहीं है. मैं बोल रही हूँ."

बँड थांबला. वरातीतून नवऱ्या मुलाचा मामा पुढं आला, मोठा फेटा, गळ्यात उपरणं. "काय चाललंय? दारात वरात आडवता? तुमच्याशी बोलणं झालं तवा फटाके ठरल्यात."

"ठरल्यात. पण उडणार न्हाईत," सोनम म्हणाली. "जेवण, लायटी, बँड, जे ठरलं ते समदं मिळंल. ह्ये न्हाई. मागं डोंगर बघा. काल ह्याच्यानंच पेटला."

"आमाला काय त्याचं? तुमच्या गावाचा ठराव उद्यापासनं हाय, आमाला वाटंतच कळलं. मालक कुठाय? बाईशी काय बोलायचं!"

आण्णा गाडीच्या दाराला धरून उभे होते. दिवसभरात दुसऱ्यांदा सगळे डोळे त्यांच्याकडं वळले. सभेत ते ह्याच डोळ्यांना भ्याले होते. मांडवाच्या कडेला, दाराआड मुलीचा बाप हात जोडून उभा होता, त्याच्या तोंडावर भीती होती. आण्णा आधी त्याच्यापाशी गेले.

"तुमची अब्रू माझ्याकडं," ते म्हणाले. मग मामांकडं वळले. "जागा माझी हाय. सून म्हणती त्येच हुईल. राग आला तर माझ्यावर काढा, मुलीवाल्यांवर काढू नका."

सोनमनं गवताला पाणी मारायची नळी ओढून आणली आणि जागेवर राहिलेल्या पेट्यांवर धरली. पुठ्ठा भिजून खाली बसला. वरातीतली पोरं ओरडली, कुणी शिटी मारली. मामांचा तोल सुटला. "अशुभ करताय! आरं, इथं लगीन हाय का मयत?"

वच्छलाबाई तोवर मागं होत्या. राखेनं काळं झालेलं तेच लुगडं नेसून त्या तशाच पुढं आल्या, नव्या साड्यांच्या गर्दीतून. बाया अंग चोरून बाजूला झाल्या.

"मयत काल झालं, बाबा. वर," त्या म्हणाल्या. "तुमचं लगीन हाय. लगीन करा."

घोड्यावरचा नवरदेव, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, खाली वाकून हळूच म्हणाला, "मामा, चला आत. मुहूर्त टळंल."

बँडवाल्यानं कुणाची वाट न बघता पिपाणी लावली. लग्न लागलं. मामा तेवढे रुसून जेवले नाहीत, बाकी पंगत जेवली. आण्णा वाढप्यांमागं फिरून मुलीकडच्यांना आग्रह करत होते, आणि मुलीची आजी जाताना सोनमच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

पंगत उठत होती तेव्हा सोनमला मल्हारचा फोन आला.

"लागलं का लगीन?"

"लागलं."

"फटाके?"

"न्हाई उडवले."

तो चिडेल, लॉन्सचं नाव गेलं म्हणेल, अशी तिनं मनाची तयारी ठेवली होती.

"काकी जेवल्या का?" मल्हारनं विचारलं.

सोनमनं मांडवाबाहेर बघितलं. वच्छलाबाई आणि ज्योतिबा केव्हाच डोंगराच्या वाटेला लागले होते.

"न्हाई," ती म्हणाली. "आन् मी आग्रह केला न्हाई."